उद्यम नोंदणी काढून टाका, मग ऑर्डर देतो

फ्लँजवाला (धागालेखक)

मंडळी, नमस्कार. बऱ्याच दिवसांनी लिहितोय. माझा छोटा कारखाना उद्यम पोर्टलवर, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम (एमएसएमई) उद्योगांच्या सरकारी नोंदणीत, उत्पादक म्हणून आहे.

गेल्या मंगळवारी एका जुन्या ग्राहक कंपनीच्या खरेदी विभागातून फोन आला. नऊ वर्षं त्यांना माल देतोय. बोलणं नेहमीसारखंच आपुलकीचं. म्हणाले, "साहेब, पुढच्या वर्षाचं रेट कॉन्ट्रॅक्ट करायचंय, पण वरून सूचना आहे. तुमची उद्यम नोंदणी उत्पादक म्हणून आहे ती रद्द करा, नाहीतर ट्रेडिंगमध्ये दाखवा. सिस्टीममध्ये तुमच्या नावापुढे एमएसएमई दिसलं की फायनान्सवाले अडवतात."

फोन ठेवला आणि शेडमध्ये जाऊन उभा राहिलो. चौदा माणसं कामाला आहेत. त्या दिवशी नेमका त्यांचाच माल पॅक होत होता.

हिशेब मांडतो, म्हणजे माझी अडचण कळेल. समजा ५ तारखेला ४,००,००० रुपयांचं बिल केलं. त्यावर १८ टक्के जीएसटी, ७२,०००. त्या मालाचं पोलाद २,४०,००० चं, त्यावर आधीच दिलेला ४३,२०० कर वजा जातो. उरले २८,८००. हे पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरायचे. ग्राहकाने पैसे दिलेत की नाही याचा तिथे संबंध नाही, कर बिलावर लागतो. पगार ७ तारखेला. पीएफ आणि ईएसआय १५ तारखेला. पोलादवाला पंधरा दिवसांवर एक दिवस थांबत नाही. आणि माझे ४,७२,००० येतात साधारण १२० दिवसांनी.

दोन वर्षांपासून एक सीएनसी टर्निंग सेंटर (संगणकावर चालणारं लेथ) घ्यायचं मनात आहे. काम आहे, जागा आहे, चालवणारा पोरगा तयार केलाय. मार्जिन मनी (मशीनच्या कर्जासोबत स्वतः घालायचा हिस्सा) म्हणून बाजूला ठेवायचे पैसे कायम ग्राहकांकडे अडकलेले असतात. सरकारी धोरणांचा विषय निघाला की आपण इथे सबसिडी आणि कर्जमेळाव्यांवर बोलतो. माझी वाढ मात्र या १२० दिवसांत अडकली आहे.

नोंदणी रद्द करू का? करायची नसेल तर माझ्या हातात नक्की काय आहे? अनुभवाने सांगा.

खातेवही

रद्द करू नका. निदान हा प्रतिसाद पूर्ण वाचेपर्यंत तरी नको. मी करसल्लागार आहे, माझे निम्मे अशील तुमच्यासारखे आहेत.

हा फोन का आला ते आधी. एमएसएमईडी कायदा २००६ चा, २ ऑक्टोबर २००६ पासून लागू. त्याचं कलम १५ सांगतं की सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराचे पैसे करारात ठरलेल्या तारखेला द्यायचे, पण करार काहीही असो, माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या पुढे जायचं नाही. करारच नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर कलम १६ प्रमाणे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. बँक रेट ६.७५ टक्के होता तेव्हा हा दर २०.२५ टक्के पडत होता. कलम २३ प्रमाणे हे व्याज आयकरात खर्च म्हणूनही मिळत नाही.

सतरा वर्षं हे सगळं कागदावर होतं आणि खरेदी विभागाला त्याची काहीच धास्ती नव्हती. मग २०२३ च्या वित्त कायद्याने १९६१ च्या आयकर कायद्यात कलम ४३बी मध्ये (एच) हा खंड घातला, १ एप्रिल २०२४ पासून. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत आणि ३१ मार्चला ते थकलेले असतील, तर त्या वर्षी तो खर्चच धरायचा नाही. ज्या वर्षी द्याल त्या वर्षी मिळेल. म्हणजे तुमचे २० लाख थकले तर ग्राहकाचा करपात्र नफा त्या वर्षी २० लाखांनी वाढतो. फायनान्सवाल्यांची झोप उडाली ती इथे.

व्यापाऱ्यांना हे लागू नाही. घाऊक-किरकोळ व्यापाराला जुलै २०२१ पासून उद्यम नोंदणी मिळते, पण ती फक्त बँकांच्या अग्रक्रम कर्जासाठी. म्हणून तुम्हाला "ट्रेडिंगमध्ये दाखवा" म्हणाले. तुम्ही स्वतः माल बनवता. व्यापारी म्हणून दाखवणं म्हणजे सरकारी पोर्टलवर खोटी माहिती देणं. त्यात पडू नका.

मागवाला

फ्लँजवाला भाऊ, वाचून पोटात कालवलं. इचलकरंजीत आमच्याकडे हे दुखणं फार जुनं आहे. खर्चीवाला, म्हणजे मजुरीवर कापड विणून देणारा, सूत व्यापाऱ्याचं, माग आपला, वीजबिल आपलं. कापड गेलं की पेमेंट धारा, म्हणजे पैसे यायची मुदत, किती दिवसांची यावर सगळं गाव चालतं. धारा लांबली की पहिल्यांदा जॉबर आणि कांडीवाल्यांची मजुरी लांबते.

नवा_धंदा

मी नुकताच फॅब्रिकेशन सुरू केलंय. पहिली ऑर्डर हातात आहे. पैसे अडकले तर उद्यम काढू असा विचार होता. चालेल ना?

खातेवही

@नवा_धंदा, आधी नोंदणी, मग पुरवठा. नंतर काढलेल्या नोंदणीवर मागच्या बिलांचा हक्क मागायला गेलात की कोर्टात वर्षं जातात. नोंदणी मोफत आहे, आधार आणि पॅनवर होते, एजंटला पैसे देऊ नका. आज रात्रीच करून टाका. बिलावर, डिलिव्हरी चलनावर आणि लेटरहेडवर उद्यम क्रमांक छापा. नंतर कोणी म्हणायला नको की आम्हाला माहीत नव्हतं.

दुसऱ्या_बाजूचा

माझं म्हणणं काहींना आवडणार नाही, पण प्रामाणिकपणे लिहितो. मी तो खरेदी करणारा आहे. फोन करणारी कंपनी माझी नाही, पण फ्लँजवालांसारखे पंचवीसेक पुरवठादार माझ्याकडे आहेत. उलाढाल ६२ कोटी.

मला माझे पैसे ११० दिवसांनी मिळतात. ज्यांना मी जुळणी केलेले भाग देतो, त्यांच्यापुढे मी तुमच्याइतकाच लहान आहे. २०२० च्या व्याख्येत ५० कोटींच्या वर उलाढाल गेली की तुम्ही 'मध्यम'. आणि कलम १५ चं संरक्षण मध्यम उद्योगाला नाही, फक्त सूक्ष्म आणि लघुला. म्हणजे मला ४५ दिवसांत द्यायचे, घ्यायचे मात्र ११० नंतर. मधले ६५ दिवस मी कॅश क्रेडिटवर (बँकेच्या खेळत्या भांडवलाच्या कर्जावर) काढत होतो. त्याचं व्याज भरून मी नवीन माणसं घ्यायची कशी?

१ एप्रिल २०२५ पासून व्याख्या बदलली. लघुची मर्यादा गुंतवणुकीत २५ कोटी आणि उलाढालीत १०० कोटी झाली. एका रात्रीत मी पुन्हा लघु झालो. यंत्रं तीच, माणसं तीच, काम तेच. कागदावरच्या एका ओळीने मला कधी उघडं पाडलं आणि त्याच ओळीने परत आत घेतलं. मी कोणत्या बाजूचा आहे हे मलाच ठरवता येत नाही. पण एवढं सांगतो, नोंदणी रद्द करायला मी कोणालाही सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही.

फ्लँजवाला

दादा, मोकळेपणाने लिहिलंत, बरं वाटलं. साखळीत वरचा देत नाही म्हणून मधला देत नाही, हे मला कळतं. मधल्याला संरक्षणाबाहेर ठेवून सगळा भार त्याच्यावर टाकायचा हे मलाही पटत नाही.

शाखेतला

बँकेत कर्ज विभागात २८ वर्षं काढली, आता निवृत्त आहे. या विषयाची एक बाजू बाहेरून दिसत नाही, ती सांगतो.

कॅश क्रेडिटची मर्यादा मंजूर असली तरी दर महिन्याला किती उचलता येईल हे ड्रॉइंग पॉवरवर ठरतं. त्यासाठी कर्जदार स्टॉक स्टेटमेंट देतो: माल किती, येणी किती, देणी किती. येण्यांमध्ये साधारणपणे ९० दिवसांच्या आतलीच धरतात. समजा येणी १८ लाख आहेत आणि त्यातली ११ लाख ९० दिवसांपुढची. बँक ७ लाखांवर मार्जिन कापणार आणि उरेल तेवढ्यावरच उचल देणार. म्हणजे ग्राहकाने पैसे थकवले, तर नेमक्या त्याच महिन्यात, जेव्हा माणसाला बँकेची सगळ्यात जास्त गरज असते, बँकेचा हात आखडतो. माझ्या टेबलासमोर बसून लोकांनी मला विचारलंय, "साहेब, चूक कोणाची आणि शिक्षा कोणाला?" माझ्याकडे उत्तर नसायचं. नियम माझा नव्हता, पण सही माझी होती.

आणि कर्जाचा हप्ता किंवा व्याज ९० दिवस थकलं की खातं एनपीए, म्हणजे थकीत. त्याआधी ३० आणि ६० दिवसांचे टप्पे, प्रत्येक टप्प्याची नोंद वर जाते. एकदा तो डाग लागला की पुढचं कर्ज अवघड.

हमी योजनेबद्दलही लिहितो, कारण तिच्याविषयी गैरसमज फार. सीजीटीएमएसई २००० साली केंद्र सरकार आणि सिडबीने (लघुउद्योग विकास बँकेने) उभी केली. कर्ज बुडलं तर ठरलेला हिस्सा ती बँकेला देते, म्हणून तारणाची गरज कमी होते. मर्यादा वाढत वाढत १ एप्रिल २०२५ पासून १० कोटींपर्यंत गेली. चांगली योजना आहे. पण हमी बँकेला असते. कर्जदाराचं कर्ज त्याने माफ होत नाही, वसुली चालूच राहते. काही जण हे समजून न घेता सही करतात आणि नंतर खचतात. दुसरं, हमी उपलब्ध असूनही शाखेत घराचे कागद मागितले जातात, हे मी पाहिलंय आणि सुरुवातीच्या वर्षांत स्वतः केलंयही. त्याचं मला वाईट वाटतं. कर्ज बुडालं तर चौकशी शाखेतल्या माणसाची होते. ती भीती जोवर आहे तोवर दिल्लीत मर्यादा कितीही वाढवली तरी शाखेच्या काउंटरवर फरक कमी पडेल.

पिशवीवाली

मी कोल्हापुरात कापडी पिशव्या शिवते, सात बायका माझ्यासोबत आहेत. तुमच्या गप्पांमधली बरीच कलमं मला नवीन आहेत, पण मुळातली अडचण ओळखीची आहे.

सुरुवात मुद्राच्या शिशु कर्जावर केली, ५०,००० च्या आतलं. तीन शिलाई मशीनं घेतली. ते फेडून किशोर घेतलं, ते ५ लाखांपर्यंत असतं. खरं सांगते, मुद्रा नसती तर मी आज इथे लिहीत नसते. सरकारी योजनेने काहीच होत नाही असं कोणी म्हटलं की मला राग येतो.

पण पुढची पायरी चढताना अडले. आमची उलाढाल ४० लाखांच्या खूप खाली आहे, त्यामुळे मालासाठी जीएसटी नोंदणी लागत नाही. ऑक्टोबर २०२३ पासून नोंदणी नसलेल्यांनाही ऑनलाइन बाजारांवर माल विकता येतो, पण फक्त आपल्याच राज्यात. मला बेळगावहून विचारणा येते. बस दोन-अडीच तासांत पोचते. पण ती राज्याची हद्द. तिथे पिशवी पाठवायची तर नोंदणी घ्या, रिटर्न भरा, महिन्याला भरणाऱ्याची फी द्या. पुणं दुप्पट लांब आहे, तिथे मात्र विनाअडचण जातं. शेवटी हिशेब केला आणि बेळगावच्या दुकानदारांना नाही म्हणाले. त्यातल्या एकाला महिन्याला ३०० पिशव्या हव्या होत्या. ३०० पिशव्या म्हणजे आमच्याकडे आणखी एका बाईला काम.

आणि एक. २०२५ मध्ये व्याख्या बदलल्यावर १० कोटी उलाढालीपर्यंतचा उद्योगही 'सूक्ष्म' झाला. मी पण सूक्ष्म, तोही सूक्ष्म. सूक्ष्मासाठी म्हणून जे काही येईल ते आधी कोणाच्या हातात पडेल?

खातेवही

ताई, सूक्ष्माच्या व्याख्येबद्दलचा तुमचा मुद्दा शंभर टक्के बरोबर. केंद्र सरकारच्या खरेदी धोरणात २५ टक्के खरेदी सूक्ष्म-लघुंकडून करायची अट आहे, त्यात ३ टक्के महिलांच्या आणि ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योगांकडून. पण आत सगळ्यात लहान कोण, याचा वेगळा हिस्सा नाही.

जीएसटीत कंपोझिशनचा (लहानांसाठीच्या सोप्या कर योजनेचा) विचार करू नका, कारण त्यातही राज्याबाहेर माल विकता येत नाही. बेळगावची मागणी पक्की असेल तर साधी नोंदणी आणि तिमाही रिटर्न हाच रस्ता. मला व्यक्तिगत निरोप करा, आकडे बसून पाहू. फी नको.

मागवाला

पिशवीवाली ताईंनी हद्दीचा मुद्दा काढला त्यावरून जुनी गोष्ट आठवली. थोडं लांबेल, पण विषयाला धरूनच आहे.

माझ्या वडिलांच्या काळात मोठ्या मिलना माग वाढवायला बंदी होती आणि लहान यंत्रमागाला अबकारी करात सूट. विचार चांगला होता, लहान माणूस जगावा. झालं काय? आमच्या एका शेडमध्ये सोळा माग होते आणि फर्म चार. एक वडिलांच्या नावावर, एक काकांच्या, एक आईच्या, एक आजीच्या. आजीला सही येत नव्हती, अंगठा घ्यायचे. चार वह्या, चार पाट्या, मीटर वेगळे. सगळं गावच तसं चालायचं. वडील म्हणायचे, फर्ममध्ये पाचवा माग घ्यायचा तर आधी नवीन नातेवाईक शोधावा लागतो. ते दुःखाने म्हणायचे. त्यांना खरोखर चांगले, वेगवान माग घ्यायचे होते. पण मोठं होणं म्हणजे सूट घालवणं.

देशभर हेच झालं. १९६७ मध्ये ४७ वस्तू फक्त लघुउद्योगांसाठी राखून ठेवल्या. पुढे ती यादी आठशेच्या वर गेली. लोणचं, पाव, मेणबत्त्या, कुलुपं, काचेच्या बांगड्या, स्टीलची कपाटं, वह्या, उदबत्त्या. यातलं काही बनवायचं तर यंत्रांतली गुंतवणूक ठरलेल्या मर्यादेच्या आत ठेवायची. म्हणजे चांगलं यंत्र घेणं हाच गुन्हा. तयार कपडेही त्यात होते. नोव्हेंबर २००० च्या वस्त्रोद्योग धोरणाने ते बाहेर काढले, आणि १ जानेवारी २००५ ला जगातला कापडाचा कोटा, म्हणजे देशादेशांना ठरवून दिलेली निर्यातीची मर्यादा, संपला. बाजार सगळ्यांना खुला झाला तेव्हा आपल्याकडे मोठी शिलाई युनिटं उभी राहायला जेमतेम चार वर्षं मिळाली होती. बांगलादेशात तोवर हजार-हजार मशीनचे कारखाने होते. माझी मावसबहीण तिरुपूरला होती, तिच्याकडून हे सगळं ऐकत होतो. शेवटच्या २० वस्तू राखीव यादीतून गेल्या त्या एप्रिल २०१५ मध्ये.

आता आरक्षण नाही, पण भिंती राहिल्याच आहेत. २० कामगार झाले की पीएफ. एकदा लागला की नंतर कामगार १५ झाले तरी सुटत नाही. कामगाराला पीएफ मिळायलाच हवा, त्यात दुमत नाही, माझ्याकडे सगळ्यांना आहे. पण एकोणिसाव्यावर थांबलेल्या शेड मी कितीतरी पाहिल्यात. एकच विसावा माणूस सगळ्यांचा खर्च एकदम बदलतो. पायऱ्या करा, भिंत का बांधता?

खातेवही

थोडं कौतुकही करू. ऑक्टोबर २०२२ मध्ये एक चांगला बदल झाला. सूक्ष्माचा लघु झाला किंवा लघुचा मध्यम, तरी करेतर फायदे पुढची तीन वर्षं चालू राहतात. हीच मागवाल्यांची पायरी. अशा आणखी हव्यात.

बाकंवाला

मी शाळांना स्टीलची बाकं पुरवतो. म्हणजे वरच्या राखीव यादीतलाच माल. आरक्षण उठलं तेव्हा वाटलं संपलो. संपलो नाही, उलट मोठ्या पत्र्याच्या मशीनवर काम करून घेता येऊ लागलं.

माझा प्रश्न निराळा आहे. माझा ग्राहक सरकारी खातं आहे. एका बिलाला आता चौदा महिने झाले. निधी आला नाही म्हणतात. ४३बी(एच) ऐकून मी पण आनंदलो होतो. मग कळलं, सरकारी खातं आयकर भरतच नाही. त्याचा कुठला खर्च अमान्य होणार?

शाखेतला

बाकंवाल्यांनी फार महत्त्वाचं लिहिलं. ज्याने नियम केला, त्याच्याच दारात तो थांबतो.

नवा_धंदा

मग थकलेल्या पैशांचे वाद ऐकणाऱ्या सरकारी परिषदेकडे तक्रार का करत नाही कोणी? ऑनलाइन पोर्टल आहे ना?

फ्लँजवाला

मित्रा, मी केली होती. याच नव्हे, दुसऱ्या एका ग्राहकाविरुद्ध, २०१९ मध्ये. तक्रारीचं समाधान पोर्टल ऑक्टोबर २०१७ मध्ये आलं. बिलं चढवली, सोपं होतं, एका संध्याकाळी झालं. चौथ्या दिवशी फोन. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "तुमचे पैसे देतो, पण या महिन्याचं शेड्यूल होल्डवर टाकलंय." माझं निम्मं काम तेव्हा त्यांचं होतं. आठवड्याने मी तक्रार मागे घेतली. बाराच्या बारा मशीनं चालू होती, ती बंद ठेवायची हिंमत झाली नाही. पैसे नंतर तीन हप्त्यांत आले, व्याजाचं नाव नाही. कायद्यात परिषदेने ९० दिवसांत निकाल द्यायचा आहे, आणि खरेदीदाराला निकालाला आव्हान द्यायचं तर आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. इतकी ताकदीची तरतूद. पण ती वापरण्यासाठी मी हात वर करायचा आणि ज्याच्याविरुद्ध करायचा त्याच्याकडूनच पुढचं काम घ्यायचं.

तुमचे सगळ्यांचे प्रतिसाद वाचून माझं मत पक्कं झालंय ते लिहितो. २००६ चा कायदा माझ्या बाजूने होता, पण तो मला भांडायला लावत होता, म्हणून सतरा वर्षं मला उपयोग झाला नाही. ४३बी(एच) मध्ये मी काहीच करायचं नाही. ग्राहकाचा ऑडिटर ३१ मार्चला यादी काढतो आणि काम होतं. माझ्यासारख्याला मदत करायची असेल तर धोरण असं हवं की ते माझ्या तक्रारीशिवाय चालेल. तरीही त्यातून पळवाट काढली, ती पण माझ्याच गळ्यात: नोंदणी तूच रद्द कर. परत हात मीच वर करायचा, या वेळी स्वतःचा हक्क सोडायला.

खातेवही

अगदी. आणि त्यात आणखी एक भोक आहे. ४३बी(एच) फक्त ३१ मार्चला बघतं. मे महिन्याचं बिल फेब्रुवारीत दिलं, २७० दिवसांनी, तरी ग्राहकाचा आयकरात काही तोटा नाही, कारण वर्षाच्या आत दिलं. माझ्या अशिलांच्या खात्यात मार्चच्या शेवटच्या आठवड्यात पैशांचा पूर येतो आणि एप्रिलपासून परत कोरडं. काही जण मार्चमध्ये माल परत दाखवून एप्रिलमध्ये नवीन बिल मागतात. त्याला कधीही हो म्हणू नका, जीएसटीत तुमचंच लफडं होतं.

आकड्यांकडे बघा. एमएसएमईडी कायदा म्हणतो ४५ दिवस. बँक ९० व्या दिवशी येणी मोजायचं सोडते. जीएसटी कायदा खरेदीदाराला म्हणतो, पुरवठादाराला १८० दिवसांत पैसे दे, नाहीतर त्या खरेदीवरच्या कराचं घेतलेलं क्रेडिट परत कर. तीन नियम, तीन घड्याळं. शेवटचं घड्याळ ४५ वर आणलं तर खरेदीदाराच्या सिस्टीममध्ये दर महिन्याला लाल दिवा लागेल, फक्त मार्चमध्ये नाही. कोणी तक्रार करायची गरज नाही, नवीन खातं उभारायची गरज नाही. मला विचाराल तर एवढा एकच बदल मी मागेन.

दुसऱ्या_बाजूचा

याला माझा पाठिंबा, पण एका अटीवर. वरच्या मोठ्यांपासून सुरू करा. ते मला ४५ दिवसांत देऊ लागले की मी फ्लँजवालांना ३० दिवसांत द्यायला तयार आहे. लिहून देतो.

ट्रेड्सचं, म्हणजे बिलांवर बँकांकडून लवकर पैसे मिळवून देणाऱ्या ऑनलाइन मंचाचं, कोणी बोललं नाही. मी वापरतो. पुरवठादार बिल चढवतो, खरेदीदार ते मान्य करतो, मग बँका त्यावर बोली लावतात आणि दोन-तीन दिवसांत पैसे खात्यात. पुढे खरेदीदाराने बुडवलं तरी बँक पुरवठादाराच्या मागे लागत नाही. व्याजाचा दर खरेदीदाराची पत पाहून ठरतो, त्यामुळे माझ्या कॅश क्रेडिटपेक्षा स्वस्त पडतो. आधी ५०० कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना नोंदणी सक्तीची होती, नोव्हेंबर २०२४ च्या अधिसूचनेने ती मर्यादा २५० कोटींवर आणली. फ्लँजवाला, तुमचा तो ग्राहक २५० च्या वर आहे का?

फ्लँजवाला

आरामात. हजाराच्या पुढे असेल.

दुसऱ्या_बाजूचा

मग त्यांची नोंदणी असलीच पाहिजे. अडचण एकच. नोंदणी सक्तीची आहे, पण तुमचं बिल तिथे मान्य करणं सक्तीचं नाही. बऱ्याच कंपन्या नाव नोंदवून बसल्यात. तरीही मागा. तक्रारीचा सूर नको, सोय म्हणून मागा: "तुमची मुदत तुम्हाला राहू दे, मला पैसे बँकेकडून लवकर मिळू देत." याला फायनान्सवाले सहसा चिडत नाहीत. ४३बी(एच) साठी मात्र मुदत ४५ च्या आतच असावी लागेल, ते तुमच्या सीएंना विचारा.

शाखेतला

आणि नोंदणी रद्द केलीत तर ट्रेड्सचा दरवाजाही बंद, हमी योजनेचाही. तो फोन करणाऱ्याला हे माहीत नसेल. तुम्हाला माहीत असू द्या.

पिशवीवाली

फ्लँजवाला दादा, रद्द करू नका हो. तुम्ही केलीत तर उद्या आम्हाला पण हाच फोन येईल.

फ्लँजवाला

ताई, नाही करत. कालच ठरवलं. घरी सांगितलं, शेडमधल्या दोन जुन्या माणसांनाही सांगितलं, कारण काम कमी झालं तर पहिली झळ त्यांना. जुना फोरमन म्हणाला, "मालक, दुसऱ्या दोन कंपन्यांचे नमुने महिनाभर पडलेत, ते काढू या." उद्यापासून तेच हातात घेतोय.

खरेदी विभागाला ईमेल लिहिलाय. पाठवण्याआधी इथे टाकतो, खातेवही दादा एकदा नजर घाला.

"महोदय, आपल्या दूरध्वनीसंदर्भात. आमची उद्यम नोंदणी आमच्या प्रत्यक्ष उत्पादन कामाप्रमाणे असल्याने ती बदलणे शक्य नाही. नऊ वर्षांत आपला एकही लॉट गुणवत्तेसाठी परत आलेला नाही. आपल्याला पैसे देण्यासाठी वेळ लागतो हे आम्ही समजतो. म्हणून बिलाच्या तारखेपासून ४५ दिवसांची मुदत ठेवून आमची बिले ट्रेड्सवर मान्य करावीत, ही विनंती. त्यासाठी पुढील वर्षाच्या दरात एक टक्का कमी करण्यास आम्ही तयार आहोत."

खातेवही

दराची सूट या ईमेलमध्ये नको. ट्रेड्सचं उत्तर येऊ द्या, मग बोला. आणि "बिलाच्या तारखेपासून" काढून "माल स्वीकारल्याच्या तारखेपासून" घाला, कायद्यात दिवस तिथून मोजतात. सोबत प्रत्येक डिलिव्हरी चलनावर तारखेसह पोच घ्यायला सुरुवात करा. मालाबद्दल लेखी हरकत पंधरा दिवसांत आली नाही, तर माल पोचला तोच स्वीकृतीचा दिवस. ते म्हणतील इन्स्पेक्शन बाकी होतं. तेव्हा ती पोच लागेल.

फ्लँजवाला

दोन्ही बदललं. आत्ताच पाठवला, ११.४० ला. ड्रायव्हरला पोचेचा शिक्का घेऊनच परत यायला सांगितलंय.